दुबईचा फ्लॅट आणि शेवगावचे अठ्ठेचाळीस हिस्से

आमचा धाकटा भाऊ चौदा वर्षांपासून आखातात आहे. एसी दुरुस्तीचे काम शिकून गेला, आता तिथल्या एका मेंटेनन्स कंपनीत सुपरवायझर आहे. शारजात भाड्याने राहतो आणि रोज पहाटे दुबईला कामावर जातो. गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "भाई, भाभी, एक फ्लॅट बघितलाय. किती वर्षं दुसऱ्याला भाडं भरायचं? शेवगावचं घर काढून टाकू. अर्धे तुमचे, अर्धे माझे."

आम्ही "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या "अर्धे-अर्धे"मध्ये काय चुकले होते, हे त्या रात्री आमच्या ध्यानातही आले नाही. आम्ही दोघेही शिक्षक, वर्गात रोज अपूर्णांक शिकवतो, तरीही.

शेवगावचे घर अब्बांनी बांधलेले. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगा देते, म्हणून त्यांनी मुरूम लागेपर्यंत पाया खणला आणि वर पुन्हा मुरूमच भरून घेतला. गवंड्याच्या हाताखाली स्वतः विटा उचलल्या. चार खोल्या, पुढे अंगण, अंगणात लिंबाचे झाड. अब्बांना जाऊन चार वर्षे झाली. घर अजून त्यांच्याच नावावर होते आणि त्यात अम्मी आमच्याबरोबर राहतात. अम्मींच्या माहेरचे गाव जायकवाडीच्या नाथसागरात गेले. १९७६ साली धरण झाले तेव्हा त्या वीस-एकवीस वर्षांच्या होत्या. त्यामुळे घर "काढून टाकू" हा शब्द त्यांच्यापर्यंत कसा पोहोचवायचा, हाच आम्हाला पहिला प्रश्न पडला होता.

भाऊ म्हणाला, तुम्ही एकदा येऊन बघा, मग बोलू. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो.

पहिल्या जुम्म्याला त्याने आम्हाला दुबईच्या खाडीवर नेले. एक दिरहम देऊन अब्रा नावाच्या छोट्या होडीतून पलीकडे गेलो आणि जुन्या दुबईतला अल फहीदी मोहल्ला पाहिला. त्याचे जुने नाव बस्तकिया. दक्षिण इराणमधल्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे घरे बांधली. परमुलखातल्या उष्ण किनाऱ्यावर घर कसे बांधायचे, याचा तो धडाच आहे. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या, वर जिप्समचा गिलावा. दगड सच्छिद्र असल्याने उष्णता आत यायला वेळ लागतो. छताला पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले खारफुटीचे वासे. त्या वाशांच्या लांबीएवढीच खोली रुंद करता येई, म्हणून खोल्या लांबट आणि अरुंद. घरावर चौकोनी वातबुरूज, त्याला बारजील म्हणतात. चारही दिशांचा वारा पकडून तो खाली खोलीत सोडतो. आम्ही त्याच्या खाली उभे राहिलो, वारा खरोखर डोक्यावर येत होता. आमचा एसीवाला भाऊ म्हणाला, "हे बघा, गॅस भरायची गरज नाही."

तिथल्या किनाऱ्यावर १९६६ पर्यंत भारतातून छापून गेलेला रुपया चालत होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडच्या लोकांचे तिकडे जाणे-येणे तेल सापडल्यानंतरचे नाही. पण बस्तकच्या माणसांसारखे तिथेच कायमचे घर करणारे थोडे. आपली माणसे कमावून परत येत, आणि बहुतेक अजूनही येतात.

आता घर कसे घेतात ते सांगतो. आपल्याकडे आधी प्लॉट, मग गवंडी. तिकडे आमच्यासारख्याला तसे नाही. परदेशी माणसाला दुबईत मालकी हक्काने घर घ्यायची मुभा २००२ साली मिळाली आणि २००६ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने ती पक्की झाली. तीही ठरवून दिलेल्या भागांपुरतीच. त्या भागांबाहेर परदेशी माणसाने पैसे दिले तरी मालकी होत नाही. म्हणून पहिला प्रश्न भावाचा नसतो, फ्लॅट त्या यादीतल्या भागात आहे का, हा असतो. भूमी विभागाकडे नोंद करून मालकीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्याची फी किमतीच्या ४ टक्के.

बांधकाम व्हायच्या आधी, नकाशावरच घर विकण्याची चाल तिथे फार आहे. २००८ च्या मंदीत अशी कितीतरी घरे नकाशावरच राहिली. त्याआधी, २००७ सालीच, कायदा झाला होता की ग्राहकाचे हप्ते त्या इमारतीच्या राखीव खात्यातच जमा व्हावेत, बिल्डरच्या खिशात नव्हे. तेव्हा चेक कोणाच्या नावाने लिहायचा, हे विचारणे म्हणजे अविश्वास नाही. बिल्डरचे हप्ते बिनव्याजी असतात, म्हणून आपल्या लोकांना ते बरे वाटतात. पण हप्ते थांबले तर बांधकाम किती झाले आहे त्यावरून बिल्डरला रक्कम कापून घेता येते आणि ती घराच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. नोकरी गेलेल्या माणसावर ही पाळी येते, हे भावाने स्वतः दोन मित्रांच्या बाबतीत पाहिले होते.

भावाने पाहिलेला फ्लॅट तयार होता. एक बेडरूम, हॉल, सातशे चौरस फूट, सतराव्या मजल्यावर, गॅलरीतून समुद्राची एक निळी पट्टी दिसते. किंमत ७ लाख दिरहम. दिरहमला २३ रुपये धरले तर १ कोटी ६१ लाख रुपये. तिथल्या नियमाप्रमाणे परदेशी माणसाला पहिल्या घरासाठी बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते. म्हणजे २० टक्के आपले, १ लाख ४० हजार दिरहम. नोंदणीचे २८ हजार. दलालाचे २ टक्के, म्हणजे १४ हजार. सगळे मिळून १ लाख ८२ हजार दिरहम, म्हणजे जवळपास ४२ लाख रुपये. भावाजवळ १८ लाख होते. शेवगावचे घर ४८ लाखांना जाईल असे इथल्या दलालाने सांगितले होते, त्याचे अर्धे २४. अठरा आणि चोवीस, बेचाळीस. त्याचे गणित असे चपखल बसले होते.

बँकेचे काय, हा प्रश्न आमच्या घरात येणारच होता. व्याजाचे कर्ज नको, यावर भाऊ ठाम. तिथे इस्लामी बँकांची सोय आहे. दुबई इस्लामिक बँक १९७५ पासून चालू आहे. घरासाठी तिथे बहुधा "इजारा" करतात. घर बँक घेते, आपल्याला भाड्याने देते आणि आपण हळूहळू ते आपल्या नावावर करून घेतो. दुसरा प्रकार भागीदारीचा, ज्यात बँकेचा हिस्सा आपण थोडा थोडा विकत घेत जातो आणि भाडे तेवढे कमी होत जाते. आम्ही कागद वाचायला मागितले. भाडे ठरलेले नव्हते, बाजारातल्या दराप्रमाणे ते दर काही महिन्यांनी बदलणार होते. नाव इजारा असले तरी हप्ता वाढणार नाही असे समजू नये. उशीर झाला तर दंड कुठे जातो, इमारतीचे नुकसान झाले तर ते मालक म्हणून बँक सोसते की भाडेकरू म्हणून आपण, हे दोन प्रश्न आम्ही तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले. त्याने नीट उत्तरे दिली. विचारले नसते तर सांगितले नसते, एवढेच.

घर घेऊन झाल्यावरचा खर्च कोणी बोलत नाही. लिफ्ट, पहारा, साफसफाई यांची वार्षिक वर्गणी चौरस फुटावर असते. त्या इमारतीत फुटाला १५ दिरहम, म्हणजे वर्षाला साडेदहा हजार. बऱ्याच नव्या इमारतींत एसी आपला नसतो. एका मोठ्या केंद्रातून थंड पाणी नळांनी घरोघर येते आणि त्याचे बिल वेगळे. त्यातला एक आकार घर बंद असले तरी भरावा लागतो. आणि घर बंद ठेवून चालतही नाही. भाऊ सांगत होता, ऑगस्टमध्ये समुद्राची दमट हवा अशी असते की एसी बंद करून दीड महिना गावी गेलात तर परत आल्यावर कपाटातल्या चपलांवरही बुरशी. त्या किनाऱ्यावर जमिनीखालचे पाणीही खारट, सळ्या गंजतात, म्हणून तळाला खारे पाणी सोसणारे सिमेंट आणि जाड वॉटरप्रूफिंग लागते. जुनी इमारत घेताना तळघरातल्या पार्किंगच्या भिंती पाहाव्यात, असे त्याचे मत. पांढरे चट्टे आणि तांबूस ओघळ दिसले तर तिथूनच परतावे. हे ज्ञान कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही.

एवढे करून तिथे राहण्याचा हक्क मिळतो का? २० लाख दिरहमचे घर असेल तर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो. आपल्या हिशोबाने साडेचार कोटींच्या वर. सात लाखांच्या घरावर तो नाही. म्हणजे घर भावाचे आणि व्हिसा कंपनीचा. नागरिकत्वाचा तर विषयच नाही. भावाची दोन्ही मुले तिथेच जन्मली, तीही भारतीय पासपोर्टवर. मोठा नववीत आहे. त्याला इंग्रजी छान येते, हिंदी येते, दखनी समजते. शेवगावची बस पाटीवरून ओळखता येणार नाही. पण कॉलेजला त्याला भारतातच यावे लागेल, असे त्याचा बापच सांगतो.

कोकणातल्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. त्यांच्या घराण्यांनी हे आपल्याआधी पुष्कळ भोगले आहे. रत्नागिरीकडची कितीतरी कोकणी मुस्लिम घराणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेली, दुकाने थाटली, समुद्राजवळ घरे केली. पुढे १९५० च्या वस्तीविभागणी कायद्याने कोणत्या रंगाच्या माणसाने कुठे राहायचे ते सरकार ठरवू लागले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स हा भरवस्तीचा मोहल्ला फक्त गोऱ्यांसाठी असल्याचे जाहीर झाले आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांहून जास्त माणसांना तिथून हलवले गेले. भारतीयांना रायलँड्स, क्रेव्हनबी अशा ठरवून दिलेल्या वस्त्यांत जावे लागले. आणि २ ऑगस्ट १९९० चे कुवेत तर आपल्या डोळ्यांसमोरचे. एअर इंडियाच्या शेकडो फेऱ्यांनी दीड लाखाहून जास्त भारतीय परत आणले, त्यांत कोकणातले किती तरी होते. हातात एक पिशवी. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडून अनेकांना पैसे मिळाले, पण सोडलेले सामान ते सोडलेलेच. म्हणून परदेशात घर करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. केपटाऊनचे कोकणी आजही केपटाऊनमध्ये आहेत आणि पुष्कळजण कुवेतला परतही गेले. मात्र गावाकडचे शेवटचे छप्पर विकून ते गेले नव्हते.

निघायच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर भावाने विचारले, "मग काय ठरलं?"

आम्ही पुतण्याची गणिताची वही मागितली. खरे तर अल फहीदीहून परत येताना होडीतच आमच्या डोक्यात आले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि दोघांच्याही मनात तेच होते. अब्बांचे वारस दोन नाहीत, पाच आहेत. अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी.

सूरह निसामधले हिस्से आपण लहानपणी मदरशात शिकलेले असतो. मुले असताना विधवेचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक. घराचे ४८ भाग केले तर अम्मींचे ६, उरले ४२. त्यांचे सहा वाटे, प्रत्येकी ७. भावाला १४, भावाला १४, बहिणीला ७, बहिणीला ७. किंमतही नेमकी ४८ लाख, त्यामुळे आणखी भागाकार करायची गरजच पडली नाही. पुतण्याने वहीत पाहून लगेच सांगितले, "अब्बू, तुमचे चोवीस नाही, चौदा आहेत."

भाऊ काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण बाजी आणि छोटी कधी मागणार आहेत? त्या तर हक्कसोड करून देतील."

हे वाक्य आपल्या घराघरांत बोलले जाते. मागितले तर माहेर तुटेल, या भीतीने बहिणी सही करतात आणि आपण त्याला खुशी म्हणतो. काहीशे रुपयांच्या मुद्रांकावर हक्कसोड पत्र होते. नमाज-रोज्याला काटेकोर असणारी, व्याजाचा रुपया घरात येऊ न देणारी माणसे इथे मात्र पटकन डोळेझाक करतात. भावाला हे सुनावण्याचा आम्हाला काहीही अधिकार नव्हता. चार वर्षे आम्ही त्याच घरात राहत होतो, बिनभाड्याने, आणि बहिणींना एका शब्दाने विचारले नव्हते. हे आम्ही त्याला सांगितले. त्याने मान हलवली, पण तो नाराज झाला होता, हे दिसत होते.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून भावाची बायको म्हणाली, "भाईजान, हिशोब चाललाच आहे तर माझाही करा. त्या अठरा लाखांत पाच लाख माझ्या दागिन्यांचे आहेत. मेहरचे कडे आणि अम्मीकडून आलेला हार. फ्लॅटवर माझं नाव लागणार का?" भावाने कधी हा विचार केला नव्हता. तो दुष्ट माणूस नाही. बायकोचे सोने घरासाठी मोडायचेच असते, एवढेच त्याने पाहिले होते. तिथल्या नोंदणीत दोघांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहिता येतो, हे त्यालाच माहीत होते. फक्त ते आपल्याला लागू आहे, असे वाटले नव्हते.

त्याने फ्लॅटवर आमचेही नाव लावायची तयारी दाखवली होती. ते आम्ही नको म्हटले. भारतात राहणाऱ्याच्या नावावर परदेशात घर असेल तर ते दरवर्षी आयकर विवरणात दाखवावे लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याने १० लाख रुपये दंड होऊ शकतो. पैसे पाठवण्याचेही नियम आहेत. इथे राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. भावासारख्या अनिवासी माणसाला इथली मालमत्ता विकून आलेले पैसे त्याच्या एनआरओ खात्यातून, कर भरल्याचे कागद देऊन, नेता येतात. "एक माणूस आहे, रात्रीत पोहोचवतो" असे सांगणारे आपल्या गावोगावी भेटतात. तो हवाला आहे आणि त्यात पैसे बुडाले तर पोलिसांकडेही जाता येत नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. अनिवासी झालेल्या माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळाली तर ठेवता येते. म्हणजे गावची शेती विकून टाकली तर तिकडे असेपर्यंत दुसरी घेता येणार नाही.

परत आल्यावर आम्ही बहिणींना बोलावले. थोरली पैठणला दिली आहे, धाकटी बोधेगावला. अम्मींच्या समोर वही ठेवली. थोरली बराच वेळ आकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी मागितले नसते. पण तुम्ही देताय तर मी घेईन. मुलीची नर्सिंगची फी आहे." धाकटी म्हणाली, "मला पैसे नकोत. माझे सात भाग या घरातच राहू द्या, नाव तेवढं लावा. कधी यावंसं वाटलं तर यायला माझं घर राहील." अम्मी काहीच बोलल्या नाहीत. रात्री मात्र त्यांनी विचारले, माझे सहा भाग म्हणजे कोणती खोली?

घर विकायचे नाही, असे ठरले. थोरलीचा हिस्सा आम्ही दोघा भावांनी विकत घ्यायचा, साडेतीन-साडेतीन लाख, रीतसर खरेदीखत करून. भावाने आपल्या अठरा लाखांतून दिले, आम्ही आमच्या बचतीतून. त्याच्या मुखत्यारपत्रावर दुबईतल्या भारतीय वकिलातीत साक्षांकन करून ते इकडे मागवले आणि नगरपरिषदेत व सिटी सर्व्हेला वारस नोंद केली. समुद्राची निळी पट्टी दिसणारा फ्लॅट दुसऱ्याने घेतला. भावाने शारजाचा भाडेकरार आणखी एक वर्ष वाढवला आहे आणि धाकट्या बहिणीने त्याला कळवले आहे की पुढे त्याने तिकडे काही घेतलेच, तर ती तिच्याजवळचे दोन लाख कर्जे हसना म्हणून देईल, लिहून घेऊन. त्याच्या बायकोने मेहरचे कडे परत कपाटात ठेवले आहे.

गेल्या महिन्यात पाचही नावे लागलेला उतारा हातात आला. त्याचा फोटो काढून आम्ही घरच्या ग्रुपवर टाकला. भावाचे उत्तर रात्री उशिरा, तिथली पाळी सुटल्यावर आले. त्याने विचारले होते, अम्मीच्या खोलीचा स्लॅब गळतो, त्याचे काय केले? अजून काही केलेले नाही. मिस्त्री बघून गेला आहे, मृगाच्या आत करून देतो म्हणाला.